कमी पैशात तितर-लाव्यांसाठी बारा बोअर बंदूक कोणती घ्यावी?

प्रश्नात तुम्ही लिहिलंय की बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात शेती आहे, आजोबांचं लायसन्स वारस म्हणून तुमच्या नावावर झालंय, आणि त्यांची जुनी विलायती दुनळी विकून, वर 50 हजार घालून 36 इंची एकनळी घ्यायची आहे. कारण गावातले जाणते सांगतात, लांब नळी लांब मारते. काम काय, तर तितर आणि लावे.

आधी कामाचं बोलू. तितर, लावा, रानकोंबडा, यातलं काहीच मारता येत नाही. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आहेच, आणि 1991 च्या दुरुस्तीनंतर शिकारीचा परवाना काढायची जुनी सोयही गेली. तुमच्या हातातलं लायसन्स बंदूक बाळगायचं आहे. उसात डुक्कर घुसलं तरी ते मारायला वनखात्याची लेखी परवानगी लागते; भीमगड अभयारण्याच्या आसपास शेती करणाऱ्याला हे नव्याने सांगायला नको. तुमच्यासाठी उरलं ते शेताची राखण आणि रीतसर रेंजवर जाऊन क्ले फोडणं, म्हणजे मशिनने उडवलेल्या बशा हवेत टिपणं.

पण बंदूक निवडायचे नियम त्याने फारसे बदलत नाहीत. अमेरिकेत किंवा इंग्लंडात, जिथे फेजंट आणि तितराची शिकार कायदेशीर आहे, तिथे पायी फिरून पाखरं मारणाऱ्यासाठी जी बंदूक घडवतात ती हलकी, दोन नळ्यांची, तोंडाशी फारशी न आवळलेली (म्हणजे मोकळ्या चोकची) आणि चटकन खांद्याला लागणारी असते. कमी पैशात घ्यायची तर आपल्याकडेही हीच जात बरी. वजनाचा जुना इंग्रजी हिशोब असा की बंदूक छऱ्यांच्या वजनाच्या 96 पट असावी. एक औंस छरे मारायचे तर 6 पौंड, म्हणजे 2.7 किलो. सव्वातीन किलोच्या वर गेलात की बांधावरून फिरताना खांदा बोलायला लागतो.

आता ती 36 इंची. हे खूळ डोक्यातून काढा, आणि ज्यांनी घातलं त्यांनाही हे वाचायला द्या. लांब नळीची महती ठासणीच्या बंदुकीच्या काळातली. काळी दारू सावकाश जळते, तिला पूर्ण जोर द्यायला लांब नळी लागते, म्हणून जुन्या ठासणीच्या नळ्या माणसाच्या छातीपर्यंत पोचायच्या. आजच्या काडतुसातल्या बिनधुराच्या दारूचं बहुतेक काम पहिल्या फूट-दीड फुटातच उरकतं. त्यापुढच्या दर इंचाला सेकंदाला 5 ते 10 फूट वेग वाढतो. 28 च्या जागी 36 इंच घेतलीत तर फार तर 80 फूट, तेही सुमारे 1200 फुटांवर. बारीक छरा हवेत इतक्या लवकर मंदावतो की 36 मीटरवर त्याचा वेग निम्म्याच्या आसपास आलेला असतो. तुमचे ते 80 फूट वाटेतच विरतात. उलट नळीचं तोंड जड होतं, उडत्या बशीमागे फिरवताना बंदूक मागे राहते आणि बार मागून जातो. 28 इंच पुष्कळ झाले. 1959 च्या शस्त्र कायद्यातही गुळगुळीत नळीच्या बंदुकीसाठी 20 इंचांचीच किमान अट आहे.

लांब कोण मारतं हे चोक आणि छऱ्याचा नंबर ठरवतात, आणि तिथेही 'लांब' म्हणजे 35-40 मीटर. चोक म्हणजे तोंडाशी नळी किती आवळली आहे ते. हिशोब 40 यार्डांवर, म्हणजे साडेछत्तीस मीटरवर, 30 इंच व्यासाच्या वर्तुळात किती टक्के छरे पडले यावर करतात. फुल चोक 70, हाफ 60, इम्प्रूव्हड सिलिंडर 50, अजिबात न आवळलेली नळी 40. ब्रिटिश मापाच्या 6 नंबरचे एका औंसात 270 छरे बसतात, म्हणजे फुल चोकमधून वर्तुळात 189 आणि इम्प्रूव्हडमधून 135. कागदावर फुल जिंकतो. पण पायाखालून उठलेलं पाखरू किंवा स्कीट या क्लेच्या खेळातली बशी असते 20 यार्डांवर, आणि तिथे फुल चोकचा फेर जेमतेम 16 इंच असतो, इम्प्रूव्हडचा 26. नेम चार बोटं चुकला की फुलवाला हात हलवत परत. म्हणून दुनळी: उजवी मोकळी, डावी हाफ. एकनळीत ही सोय नाही, आणि हॅमरवाल्या एकनळीत पावसात भिजलेल्या अंगठ्याखालून हॅमर निसटायची भीती वेगळीच.

जुनी बंदूक विकत घेताना माणसं कुठे फसतात, ते एका बंदुकीवरून सांगतो. जांबोटीकडच्या एका शेतकऱ्याने नावावर भाळून 'बर्मिंगहॅमची' दुनळी घेतली होती. ती उघडून टेबलावर ठेवली तेव्हा जे निघालं, ते ओळीने पाहण्यासारखं आहे.

आधी तोंड. दुनळीच्या दोन्ही नळ्या पुढे एकमेकींकडे झुकत जातात आणि तोंडाशी चिकटतात. या बंदुकीत दोन तोंडांमध्ये तीन मिलिमीटर फट होती आणि ती कथलाच्या डागाने भरून वरून काळी केली होती. म्हणजे नळ्या कापलेल्या. कापल्या की चोक गेला, कारण चोक शेवटच्या दोन-तीन इंचांतच असतो. व्हर्निअर लावला तर दोन्ही तोंडं 18.5 मिलिमीटर, बारा बोअरचं सरळ माप. फुल चोक असता तर साधारण 17.5 आलं असतं, हाफ असता तर 18.

मग नळ्या काढून खालचे सपाट भाग पाहिले, प्रूफचे, म्हणजे दाबाच्या चाचणीत पास झाल्याचे, शिक्के तिथे असतात. एकावर कोठीचं, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेचं, माप 2½ इंच, म्हणजे 65 मिलिमीटरची कोठी, आणि बोअर, म्हणजे नळीचा आतला व्यास, .729 इंच. कोठीच्या तोंडापासून 9 इंच आत बोअर गेज घातला तर .741. आतला गंज घासून घासून कोणीतरी नळी मोठी केलेली. शिक्क्यापेक्षा 10 हजारांश इंचाहून जास्त वाढलेली नळी इंग्लंडात प्रूफबाह्य धरतात. ही 12 ने वाढली होती. नळीची भिंत त्याच्या निम्म्याने पातळ झाली. अर्ध्या मिलिमीटरच्या खाली भिंत गेली की ती बंदूक भिंतीवर शोभते. आणि हा शेतकरी तिच्यात 70 मिलिमीटरची काडतुसं घालत होता. काडतुसावर लिहिलेली लांबी उडाल्यानंतरची असते, म्हणून न उडालेलं 70 चं काडतूस 65 च्या कोठीत आरामात बसतं. उडताना मात्र त्याचं तोंड पुढच्या निमुळत्या भागात उघडतं, वाट अडते आणि दाब वाढतो. बसतंय म्हणजे चालतंय, असं इथे नसतं.

तिसरं, सांधा. पुढचं लाकूड काढलं, बंदूक मिटली, दस्ता काखेत धरून नळ्या आडव्या हलवल्या, तर टकटक. नळ्यांखालच्या आकड्यात पितळेची पातळ पट्टी सरकवलेली होती. दुकानात खेळ कळू नये एवढ्यापुरती, दहा-वीस बारांत ती चेपते. बंदूक उघडायची वरची कळ मिटल्यावर मध्यरेषेच्या डावीकडे गेली होती. नव्या बंदुकीत ती किंचित उजवीकडे थांबते. डावीकडे जाणं म्हणजे आतली खीळ झिजलेली. शेवटी दस्ता: लोखंडाला लागून असलेलं लाकूड तेलाने काळं पडलेलं आणि कुलपामागे, म्हणजे बार उडवणाऱ्या यंत्रणेमागे, केसाएवढी चीर. बंदूक वर्षानुवर्षं उभी ठेवली की तेल खाली उतरून लाकूड कुजवतं. डोकं खाली करून ठेवली असती तर हे झालं नसतं.

दुरुस्तीचा खर्च बंदुकीच्या किमतीवर गेला असता. नाव मात्र खरं होतं, बर्मिंगहॅमचंच.

बाकीच्या दोन तपासण्या दुकानातच करा. नळ्या काढून सुतळीने टांगा आणि बोटाच्या पेराने टिचकी मारा. घंटेसारखा नाद आला तर दोन नळ्यांना जोडणारी मधली पट्टी घट्ट आहे. भद्द किंवा कुरकुरता आवाज आला तर कथील सुटलंय आणि आत पाणी शिरून गंज धरलाय. मग नळी उजेडाकडे धरून आतून पाहा. सावलीच्या रेघा सरळ असाव्यात. रेघ तुटली तर पोचा आहे, तो लायसन्सवाला मिस्त्री काढून देतो. काळं कडं दिसलं तर नळी फुगलेली आहे, ती तिथेच ठेवून बाहेर पडा. बेळगावात राहून मोजमापाची अडचण सांगू नका. उद्यमबागेत गल्लीगल्लीत मशीनशॉप आहेत, डायल बोअर गेज वापरणारा पोरगा कोणाच्या ना कोणाच्या ओळखीचा निघतो. त्याला दुकानात घेऊन जा. बंदूक घेऊन त्याच्याकडे जाऊ नका.

म्हणून माझं म्हणणं, आजोबांची दुनळी विकायच्या आधी तिला हीच परीक्षा द्या. पास झाली तर नवी कशाला? सगळ्यात स्वस्त बंदूक घरात आहे. फक्त शिक्का पाहा: नळीवर लाटांसारखी नक्षी असेल आणि नायट्रोचा, म्हणजे बिनधुराच्या दारूचा, शिक्का नसेल, तर ती काळ्या दारूची आहे, आजचं काडतूस तिच्यात घालायचं नाही. शिक्का 65 चा असेल तर काडतूस 65 चंच.

नापास झाली तर इशापूरच्या सरकारी कारखान्याची वापरलेली दुनळी शोधा. बोजड असते, चाप कडक, लाकूडकाम बघवत नाही. तरी तेवढ्याच पैशात मिळणाऱ्या झिजलेल्या विलायतीपेक्षा शंभरदा बरी. 1980 च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य माणसाला परदेशी बंदूक आणणं बंद आहे, त्यामुळे विलायतीची किंमत बंदुकीची नसून टंचाईची असते. जम्मू आणि मुंगेरच्या खाजगी कारखान्यांच्या एकनळ्या स्वस्त मिळतात, पण एकासारखी दुसरी नसते. प्रत्येक मोजून घ्यावी लागते. 16 किंवा 20 बोअरच्या नादी लागू नका, काडतुसांसाठी वणवण होईल.

बंदूक अंगाला बसते का, हे नावाच्या आधी पाहा. चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंत इंग्रजी माप साडेचौदा इंच असतं, ते त्यांच्या उंचीला. पाच फूट पाच इंचाच्या माणसाला पावणेचौदा ते चौदा पुरतात. बंदूक रिकामी आहे हे उघडून पाहा, मग डोळे मिटून खांद्याला लावा आणि डोळे उघडा. नजर पट्टीवरून सरळ गेली पाहिजे. कुलपाची पाठ दिसली तर दस्ता फार खाली आहे. लांब दस्ता कापून घेता येतो. आखूड असेल तर रबरी पॅड लावा.

50 हजारांतले निदान एक चतुर्थांश काडतुसांना ठेवा, लायसन्सवर लिहिलेल्या मर्यादेत. खडकीची बारा बोअर काडतुसं सरावाला ठीक आहेत. रेंजवर गेलात की पहिलं काम म्हणजे साडेछत्तीस मीटरवर मोठा कागद लावून प्रत्येक नळीचे तीन-तीन बार मारायचे आणि छरे मोजायचे. चोकचा शिक्का काहीही सांगो, खरं ते कागदावर.

काही गोष्टी राहिल्या. ट्रॅप हा क्लेचा दुसरा प्रकार खेळणार असाल तर वर फुल चोकला दिलेल्या शिव्या मागे घेतो. तिथे बशी लांब पळते, हाफ-फुल लागतो. फुल चोकमधून बोअरच्या मापाची शिशाची गोळी कधीही मारू नका, तोंड फुगतं. 6 नंबरचा छरा पाखरू पाडत नसला तरी दोनशे मीटरवर जाऊन पडतो, शेजारच्या शिवारात बायका भांगलत असतात हे ध्यानात ठेवा. 20 बोअरचं काडतूस बारा बोअरच्या खिशात कधीच नको. ते नळीत पुढे घसरून अडकतं, मागे बाराचं बसतं, आणि पुढे काय होतं ते हात नसलेली माणसं सांगतात.

आणि निवडणूक लागली की बंदूक जमा करायची नोटीस येते. जमा करताना नळ्या कोरड्या करून आतबाहेर तेलाचा हात फिरवा. कापडी किंवा चामडी खोळीत ठेवून देऊ नका; आपल्याकडच्या पावसात खोळ ओल धरते आणि महिन्याभरात नळीवर लाल ठिपके उठतात. पावतीवर बोअर, बंदुकीचा नंबर आणि दस्त्यावरची एखादी ओरखड्याची खूण लिहून घ्या. पावती कन्नडमध्ये मिळेल. वाचता येत नसेल तर ज्याला येतं त्याला तिथल्या तिथे वाचायला लावा, नंबरातला एक आकडा चुकला तर परत घेताना चपला झिजतात.