त्रेचाळीस मॉक टेस्ट आणि जागचा न हलणारा बँड

“मॅडम, रोज मॉक टेस्ट देते. तरी बँड हलत नाही. अजून किती टेस्ट द्यायला हव्यात?”

मी समुपदेशक आहे. आयईएलटीएस ही इंग्रजी किती येतं हे तपासणारी परीक्षा, आणि बँड म्हणजे तिचे गुण. तिची तयारी करणारे माझ्याकडे येतात तेव्हा बहुतेकांचा प्रश्न हाच असतो, शब्द थोडे इकडचे तिकडे. कुणाला शिकायला जायचं असतं, कुणाला नोकरीसाठी, कुणाचा जोडीदार आधीच तिकडे पोचलेला असतो. उत्तर एका वाक्यात देता येतं, पण तसं दिलं तर ते पटत नाही. म्हणून एका परिचारिकेची हकीकत सांगते. तिची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ती आली तेव्हा तीनदा परीक्षा देऊन झाली होती. तिला परिचारिका म्हणून जिथे नोंदणी करायची होती, तिथे लिसनिंग, रीडिंग आणि स्पीकिंगमध्ये प्रत्येकी ७ आणि रायटिंगमध्ये ६.५ हवे होते. तिसऱ्या खेपेला मिळाले ते असे: लिसनिंग ७.५, रीडिंग ६.५, रायटिंग ६, स्पीकिंग ७. सरासरी ६.७५. पाऊण आला की पुढचा पूर्ण आकडा धरतात, त्यामुळे निकालपत्रावर एकूण बँड ७.

“घरी सगळे खूश झाले, सात मिळाले म्हणून,” ती म्हणाली. “मला सांगताच येईना की याचा काही उपयोग नाही.”

या परीक्षेत पास-नापास नसतं, ० ते ९ असा बँड असतो, हे खरं. पण ज्याला ठरावीक आकडा गाठायचाच आहे, त्याला अर्ध्या बँडने हुकणं नापास होण्यासारखंच लागतं. तिला रात्र रात्र झोप नव्हती. परीक्षेच्या खोलीत तळहात घामेजायचे, रायटिंगचा पेपर समोर आला की पहिली पाच मिनिटं नुसतीच जायची. चौथ्यांदा नाव नोंदवलंय हे तिने घरात कुणालाच सांगितलं नव्हतं.

पहिल्या भेटीत माझी चूक झाली. मला तिची भीती दिसली आणि मी भीतीवरच काम सुरू केलं. श्वासाचे व्यायाम दिले, झोपेची वेळ ठरवून दिली, परीक्षेचा दिवस डोळ्यांसमोर आणून शांत राहायचा सराव दिला. तिने सगळं इमानेइतबारे केलं. दोन आठवड्यांनी आली आणि म्हणाली, “मॅडम, बाकी बरं वाटतं. पण टेस्ट द्यायला बसले की आतून काहीतरी सांगत राहतं, याने काही होणार नाही.”

मी ते वाक्य नकारात्मक विचार म्हणून लिहून घेणार होते. तेवढ्यात तिने पिशवीतून वही काढली.

लांब, निळ्या पुठ्ठ्याची वही. प्रत्येक पानावर पट्टीने आखलेले चार रकाने: तारीख, टेस्ट क्रमांक, बरोबर उत्तरं, बँड. त्रेचाळीस ओळी. रीडिंगचे आकडे मी बोट ठेवून वाचत गेले. २७, २९, २६, २८, २७, २९, २८. ती देत होती त्या ॲकॅडमिक प्रकारच्या परीक्षेत रीडिंगला ४० पैकी साधारण ३० बरोबर आले की ७ मिळतो. त्रेचाळीस टेस्ट ती त्या उंबरठ्यावर उभी होती.

“सतरावी टेस्ट,” मी म्हटलं. “यात कुठले प्रश्न चुकले?”

ती गप्प. मग म्हणाली, “बारा चुकले.”

“कुठले बारा?”

तिला माहीत नव्हतं. एकाही टेस्टबद्दल माहीत नव्हतं. उत्तरपत्रिका तपासायची, बेरीज करायची, आकडा वहीत लिहायचा आणि दुसऱ्या दिवशी नवी टेस्ट. रोज ताप मोजत होती, औषध काही चालू नव्हतं. तिच्या आतून जो आवाज येत होता तो खोटा नव्हता. तो तिला बरोबर माहिती देत होता, आणि मी श्वासाच्या व्यायामाने त्याला गप्प करायला निघाले होते. चिंता घेऊन आलेल्या माणसाला आधी शांत करायचं आणि मग ऐकायचं, हा क्रम आम्हा समुपदेशकांच्या अंगवळणी पडतो. तेव्हापासून मी तो उलटा ठेवायचा प्रयत्न करते.

पुढच्या भेटीला तिला सहा सोडवलेल्या टेस्ट घेऊन यायला सांगितलं. नवी एकही सोडवायची नाही, ही अट. ही अट तिला सगळ्यात जड गेली. एक दिवस टेस्ट नाही म्हणजे एक दिवस फुकट, असं तिचं गणित होतं.

सहा टेस्टमध्ये मिळून ७४ चुका निघाल्या. त्या प्रश्नांच्या प्रकाराप्रमाणे वेगळ्या केल्या, तेव्हा ३१ एकाच जागी सापडल्या: विधान ट्रू, फॉल्स की नॉट गिव्हन, म्हणजे उताऱ्यात त्याबद्दल काही दिलेलंच नाही. त्यातली एक मला अजून आठवते. झोपेवरचा उतारा होता. विधान असं की रात्रपाळी करणाऱ्यांना दिवसा गाढ झोप लागत नाही. उताऱ्यात रात्रपाळीचा उल्लेख होता, पण दिवसाच्या झोपेबद्दल अवाक्षर नव्हतं. तिने ट्रू लिहिलं होतं.

“हे तर खरंच आहे ना!” ती म्हणाली. “मी सात वर्षं नाइट करतेय.”

बोलता बोलता ती थांबली आणि उतारा पुन्हा वाचू लागली. नंतर स्वतःच तिने ३१ पैकी एकेक चूक तपासली. निम्म्याहून जास्त ठिकाणी तिने उताऱ्यातलं उत्तर दिलं नव्हतं, स्वतःला माहीत असलेलं दिलं होतं. इंग्रजी कच्चं असल्याची ही खूण नाही. जाणत्या, अनुभवी माणसांकडून ही चूक हमखास होते. या चुकीवरचा उपाय साधा आहे: ट्रू किंवा फॉल्स लिहिण्याआधी उताऱ्यातल्या नेमक्या ओळीवर बोट ठेवायचं. बोट ठेवायला ओळच नसेल तर नॉट गिव्हन.

वहीत पाचवा रकाना आला. त्याला तिने नाव दिलं, ‘का?’

रायटिंगचं दुखणं वेगळं होतं. साठ मिनिटांत दोन लेखनं: पहिलं किमान १५० शब्दांचं, आलेख किंवा तक्त्याचं वर्णन, दुसरं किमान २५० शब्दांचा निबंध. निबंधाचं वजन पहिल्याच्या दुप्पट. पहिल्याला वीस आणि निबंधाला चाळीस मिनिटं द्यावीत असं प्रश्नपत्रिकेतच सुचवलेलं असतं. तिची आलेखावरच पस्तीस मिनिटं जायची, कारण दिसेल तो आकडा ती लिहून काढायची. १९९० मध्ये इतके, १९९५ मध्ये इतके, २००० मध्ये इतके. व्याकरण जवळजवळ निर्दोष. पण सगळं मिळून चित्र काय दिसतं, हे सांगणारं एकही वाक्य नाही. लेखनात हा ठळक गोषवारा नसेल तर परीक्षकांच्या त्याबद्दलच्या निकषाचे गुण खालीच अडकतात, बाकीचं कितीही नीट असो.

हे मी तिला दोनदा समजावलं. तिने मान हलवली आणि पुढच्या वेळी पुन्हा आकड्यांची यादी आणली. मग मला सुचलं, तिला तिच्या कामाबद्दल विचारावं.

“ड्युटी बदलताना पुढच्या सिस्टरना पेशंटबद्दल काय सांगतेस?” एव्हाना आमचं अगं-तुगं सुरू झालं होतं, तिच्याच आग्रहाने.

“हँडओव्हर देते.”

“दे बरं मला. ताप असलेला पेशंट आहे, तीन दिवसांचा चार्ट समोर आहे.”

ती अडखळली नाही. “तिसरा दिवस, ताप एकंदरीत उतरतोय. काल रात्री एकदा चढला होता, १०२, औषधानंतर खाली आला. बाकी स्थिर.”

“दर चार तासांचं टेंपरेचर नाही सांगितलंस?”

“ते चार्टवर आहेच की. त्यांना आधी कळायला हवं, पेशंट कसा...” ती मध्येच हसली. त्या संध्याकाळी तिने जुनाच आलेख पुन्हा लिहिला. एकंदरीत काय वाढलं, काय घटलं, हे दोन वाक्यांत आधी आणि लक्षात राहावेत असे मोजके आकडे नंतर. अठरा मिनिटं लागली.

एकच गोष्ट पुन्हा लिहिण्याबद्दल तिची कुरकुर होती. “तोच निबंध परत? विषय तर माहीत झालाय.” पण लिहिण्याचा सराव मला याच पद्धतीने खरा होताना दिसला आहे. नव्या विषयावर माणूस जुन्याच चुका नव्या शब्दांत करतो. तोच विषय, चुका समोर ठेवून दुसऱ्यांदा लिहिला की हात बदलतो. आम्ही ठरवलं: पंधरा दिवसांत एकच पूर्ण मॉक टेस्ट, घड्याळ लावून. बाकीचे दिवस त्या टेस्टची चिरफाड, दोन निबंधांचं पुनर्लेखन आणि आवडीचं वाचन. पाठ केलेले भारदस्त परिच्छेदही तिने सोडून दिले. कुठल्याही विषयाला चालेल अशी सुरुवात परीक्षक रोज वाचतात. तशा सुरुवातीतून तुमची भाषा कशी आहे हे त्यांना कळत नाही.

स्पीकिंगबद्दल थोडंच सांगते, कारण तिचा तो भाग बरा होता. पण विचारणारे फार असतात: इंग्रजांसारखा उच्चार हवा का? नको. ऐकणाऱ्याला विनासायास समजायला हवं, एवढंच पाहिलं जातं. आपल्या भाषेची छटा उच्चारात असली म्हणून गुण जात नाहीत.

चौथी परीक्षा तिने कॉम्प्युटरवर दिली. रीडिंग ७.५. लिसनिंग आणि स्पीकिंग ७ च्या वर. रायटिंग ६.

ती आली आणि बराच वेळ बोलली नाही. मलाही वाईट वाटलं होतं आणि ते मी लपवलं नाही. श्वासाचे व्यायाम या वेळी उपयोगी पडले, कारण आता ज्याला शांत करायचं होतं ते दुःख होतं. आतली सूचना आम्ही केव्हाच ऐकली होती.

आठवड्याने तिचे शेवटचे सहा निबंध टेबलावर पसरले. प्रश्न होता, शहरांत खासगी मोटारींवर बंदी घालावी याच्याशी तुम्ही कितपत सहमत आहात? तिने एक परिच्छेद फायद्यांचा लिहिला होता, एक तोट्यांचा, आणि शेवटी अर्ध्या ओळीत कसंबसं मत. सहाही निबंधांत तेच. प्रश्न तुमचं मत विचारतो तेव्हा ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्पष्ट दिसावं लागतं. मी विचारलं, मत लिहायला एवढा उशीर का?

तिने निबंधांकडे बघत उत्तर दिलं. “वॉर्डमध्ये माझं मत कुणी विचारत नाही, मॅडम. मी काय दिसलं ते सांगते. ठरवतात डॉक्टर.”

त्यावर आमचे दोन पूर्ण तास गेले आणि त्यातलं इंग्रजीबद्दल फारच थोडं होतं. सात वर्षांत तिला किती वेळा काहीतरी आधी कळलं होतं आणि ती बोलली नव्हती, किती वेळा बोलली होती आणि पेशंटचा जीव वाचला होता, हे तिने सांगितलं. घरातलंही निघालं. चौथ्या परीक्षेचं नवऱ्याला तिने त्याच आठवड्यात सांगितलं. निबंधासाठी एकच नियम ठेवला: टाइप करायला लागण्यापूर्वी “मला वाटतं की” असं मोठ्याने म्हणून एक पूर्ण वाक्य बोलायचं, मग त्या वाक्याशी शेवटपर्यंत प्रामाणिक राहायचं. परीक्षेत ते मनात म्हणायचं.

कॉम्प्युटरवर परीक्षा देणाऱ्यांना बऱ्याच ठिकाणी ‘वन स्किल रिटेक’ मिळतो: मूळ परीक्षेपासून ६० दिवसांच्या आत चारपैकी कुठलाही एकच भाग पुन्हा देता येतो. मात्र असा निकाल सगळ्याच संस्था स्वीकारत नाहीत, म्हणून पैसे भरण्याआधी जिथे अर्ज करायचाय तिथे लेखी विचारून घ्यावं. तिने विचारलं, होकार आला, आणि ती फक्त रायटिंगला बसली.

निकालाच्या दिवशी तिचा फोन वॉर्डमधून आला. मागे ट्रॉलीचा आवाज येत होता. “साडेसहा,” ती म्हणाली. मी काही बोलणार तोच घाईने म्हणाली, “मॅडम, संध्याकाळी करते फोन, आत्ता हँडओव्हर द्यायचाय.”