वाचकांचे प्रश्न : बाईंची पट्टी, मुलांचा गळा

पहिली ते चौथीच्या मुलांकडून नव्या सिनेमांतली गाणी म्हणून घेताना येणाऱ्या अडचणींबद्दलचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : मी दुसरीला शिकवते. बडबडगीतं मुलं तोंडदेखली म्हणतात आणि सिनेमातल्या गाण्याची मागणी करतात. तेच गाणं वर्गात घेतलं, की खालच्या ओळीला निम्मी पुटपुटतात आणि वरच्या ओळीला सगळी ओरडतात. मी काळी चारमध्ये गाते, गाणं मला नीट येतं. मग चुकतंय कुठे? (शिक्षिका, सातारा जिल्हा)

उत्तर : पट्टीत, म्हणजे तुम्ही ‘सा’ ज्या सुरावर धरता त्यात. काळी चार तुमच्या गळ्याला सोयीची आहे, मुलांच्या नाही. सहा-सात वर्षांच्या बहुतेक मुलांचा आवाज पेटीच्या मधल्या सप्तकात, पांढरी एकपासून पांढरी सहापर्यंत मोकळा लागतो. (पट्ट्या प्रत्येक सप्तकात डावीकडून मोजतात : पांढरी एक म्हणजे दोन काळ्यांच्या जोडीच्या लगेच डावीकडची पांढरी, काळी चार म्हणजे तिथून चौथी काळी.) तिसरी-चौथीत तो वरच्या पांढरी एकपर्यंत सहज जातो. तुम्ही काळी चारचा षड्ज (सा) धरता तो या पल्ल्याच्या, काळ्या-पांढऱ्या मिळून, चार पट्ट्या खाली पडतो. तिथे मुलांचा आवाज पोचत नाही, म्हणून पुटपुटणं. काही जण छातीतून जोर लावून तो खालचा सूर काढतात आणि तोच जोर घेऊन वर चढतात, म्हणून ओरडणं. दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे.

गाणं निवडायच्या आधी पेटी घेऊन दहा मिनिटं बसा. ध्रुवपदातला सगळ्यात खालचा आणि सगळ्यात वरचा सूर शोधा आणि खालच्यापासून वरच्यापर्यंत काळ्या-पांढऱ्या मिळून किती पट्ट्या चढावं लागतं ते मोजा. नऊपर्यंत असेल तर पहिली-दुसरीला चालेल. बारा, म्हणजे पूर्ण सप्तक असेल तर तिसरी-चौथीला. त्याहून जास्त असेल तर मुलांना कितीही आवडत असलं तरी ते गाणं आख्खं घेऊ नका. मग सगळ्यात खालचा सूर मधल्या पांढरी एकवर येईल असा षड्ज ठरवा. ध्रुवपद षड्जापासून धैवतापर्यंतच (सा ते ध) फिरत असेल तर षड्ज पांढरी एक किंवा काळी एक. तेच मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातल्या पंचमापासून (प) मध्य पंचमापर्यंत असेल तर षड्ज थेट पांढरी चार. तुम्हाला ही पट्टी सुरुवातीला उंच वाटेल. हळू आवाजात गा, मुलांना तेवढं पुरतं.

पेटीत खर्जाचे (एक सप्तक खालचे) सूर असतील तर ती खुंटी बंद ठेवा. खर्ज आणि नर (पेटीचे नेहमीचे सूर) एकदम वाजले, की वर्गातली चार-पाच मुलं हमखास खालचा सूर पकडतात.

आता अंतऱ्याचं. अंतरा वर चढतो ही आपल्याकडची जुनीच रीत, आणि नव्या गाण्यांत तर गायकाला गळा दाखवायची जागा तीच असते. एकाच गाण्याचं ध्रुवपद आठ पट्ट्यांत मावतं आणि अंतरा तार, म्हणजे वरच्या सप्तकात जातो, असं वारंवार दिसतं. तेव्हा ध्रुवपद मुलांना द्या, अंतरा तुम्ही गा किंवा पेटीवर नुसता वाजवा. अंतऱ्याच्या शेवटी मुलं ध्रुवपदावर परत येतात, आणि त्या परत येण्यातच त्यांना खरी गंमत असते. गाणं अर्धवट राहिलं असं एकाही मुलाला वाटत नाही. वाटतं ते मोठ्यांना.

दमाचंही बघा. मिनिटाला शंभर मात्रांच्या (ठोक्यांच्या) लयीत आठ मात्रांची ओळ पाच सेकंदांत संपते. तेवढा दम या वयात असतो. सोळा मात्रा न थांबता जाणारी ओळ मुलं मधेच तोडतात, आणि तोडतात ती शब्दाच्या पोटात. श्वास कुठे घ्यायचा ते आधी ठरवा, फळ्यावर ओळ लिहून तिथे उभी रेघ मारा. मुरक्या आणि हरकती (सूर झटपट फिरवायच्या जागा) काढून टाका, सरळ सूर ठेवा. तीस मुलांनी मिळून मारलेली मुरकी म्हणजे तीस वेगवेगळे सूर.

प्रश्न : मी पुरुष शिक्षक. माझ्यामागून म्हणताना मुलगे माझ्यासारखा घोगरा आवाज काढतात आणि मुली गप्प बसतात. (नांदेड)

उत्तर : तुम्ही एक सप्तक खाली गाता. मुली आपसूक वरचा सूर शोधतात, तो सापडला नाही की थांबतात. मुलगे तुमची नक्कल करतात. पहिला सूर स्वतःच्या गळ्यातून देऊ नका, पेटीच्या मधल्या सप्तकातून द्या. वर्गात एक तरी स्थिर आवाजाचं मूल असतं. पहिली ओळ त्याला एकट्याला म्हणायला लावा, बाकीचे त्याच्यामागून. तुम्ही हाताने ठेका धरा.

प्रश्न : गॅदरिंगला तिसरीच्या मुलांना ‘झिंगाट’ गायचं आहे. काही पालकांना शब्द खटकतात. शब्द बदलून घेतलं तर? (शिक्षिका, अहिल्यानगर जिल्हा)

उत्तर : शब्द बदलू नका. मुलांना मूळ शब्द तोंडपाठ आहेत. सरावात बदललेले म्हणतील आणि रंगमंचावर दिवे लागले की मूळचेच म्हणतील, तेही दुप्पट जोरात.

‘सैराट’ (२०१६) मधलं अजय-अतुल यांचं हे गाणं गाण्यासाठी नकोच, पण शब्दांमुळे नव्हे. प्रेमात पडलेल्या पोराची ती झिंग आहे आणि आठ वर्षांच्या मुलापर्यंत त्यातला फक्त ठेका पोचतो. अडचण लयीची आहे. नाचणाऱ्या, धापा टाकणाऱ्या मुलांना त्या वेगात श्वास घ्यायला जागा मिळत नाही. ते नाचासाठी ठेवा, ट्रॅकवर.

कुठल्याही वेगवान गाण्याची परीक्षा सोपी आहे. चाल सोडून द्या, नुसती ओळ टाळीवर पाच वेळा म्हणायला सांगा. तिसऱ्या वेळेपर्यंत जिभा अडखळल्या तर सुरात त्या ओळीचा चिखल होणार. टाळीवर ओळ बसते पण सूर सापडत नाहीत अशा वर्गासाठी ‘तारे जमीं पर’ (२००७) मधलं ‘बम बम बोले’ बघा. त्यात अर्ध-बोललेल्या ओळी भरपूर आहेत. एका गटाने ओळ टाकायची, दुसऱ्याने झेलायची, अशी वाटणी केली की दमही पुरतो.

शब्दांबद्दल एकच कसोटी ठेवा : मुलाने घरी जाऊन ‘याचा अर्थ काय?’ असं विचारलं, तर आजीला उत्तर देता आलं पाहिजे. विरह, नजरेचे बाण वगैरे आजी सांभाळून नेते. दारू आणि शरीराची वर्णनं नाही.

प्रश्न : कराओके ट्रॅकवर सराव छान होतो, कार्यक्रमात मुलं दर वेळी अंतऱ्याला उशिरा शिरतात. (पालक-स्वयंसेवक, ठाणे)

उत्तर : बहुधा मुलांना ट्रॅक ऐकूच येत नसावा. मोठे स्पीकर प्रेक्षकांकडे तोंड करून असतात आणि रंगमंचावर त्यांचा घुमटलेला आवाज तेवढा पोचतो. एक लहान स्पीकर मुलांकडे तोंड करून खाली ठेवा, माइकच्या समोर मात्र नको, नाहीतर शिट्टी वाजेल.

दुसरं कारण मधलं संगीत. केरव्याची (आठ मात्रांच्या तालाची) चार आवर्तनं म्हणजे बत्तीस मात्रा, एवढा वेळ उभं राहून मोजणं लहान मुलांना जमत नाही. मोबाइलवरच्या साध्या अ‍ॅपने तो तुकडा कापून एका आवर्तनावर, आठ मात्रांवर आणा. कापता येत नसेल तर तेवढ्यात टाळ्या किंवा पावलं द्या, रिकामं ठेवू नका. आत शिरायच्या दोन मात्रा आधी तुम्ही हात वर करा आणि स्वतः दिसेल असा श्वास घ्या. जी मुलं एकदम श्वास घेतात ती एकदम सुरू होतात. ‘आता!’ असं ओरडलात तर ती ते ऐकून मग श्वास घेतील आणि उशीर तिथेच झाला.

पट्टी बदलणाऱ्या अ‍ॅपमध्ये +१ म्हणजे पेटीवरची एक पट्टी. पुरुष गायकाचं काळी एकमधलं, मंद्र पंचमापर्यंत उतरणारं गाणं मुलांसाठी +४ वर न्यावं लागतं. मुलं ते एक सप्तक वरून म्हणतात, तेव्हा सगळ्यात खालचा सूर बरोबर मधल्या पांढरी एकवर येतो. याहून जास्त सरकवलं तर वाद्यं खेळण्यातली वाटायला लागतात, मग दुसरं गाणं शोधलेलं बरं. सरावात वेग कमी हवा असेल तर यूट्यूबवर ०.७५ करा, पट्टी तीच राहते. कार्यक्रमात मात्र यूट्यूबवरून थेट लावू नका. ऐन अंतऱ्याआधी जाहिरात सुरू झाली की कितीही सराव केलेला असो, मुलं हसत सुटतात.

प्रश्न : सात वर्षांची मुलगी दिवसभर ‘लेट इट गो’ म्हणते. संध्याकाळी आवाज बसतो. थांबवावं का? (पुणे)

उत्तर : ‘फ्रोझन’ (२०१३) मधलं हे गाणं इडिना मेन्झेल या रंगभूमीवर मुरलेल्या गायिकेसाठी आहे. मंद्रातल्या पांढरी चारपासून तार सप्तकातल्या काळी दोनपर्यंत ते जातं, म्हणजे बावीस पट्ट्या. सात वर्षांच्या मुलीला यातल्या निम्म्याही सोयीच्या नाहीत. बाकीच्या ती गळा आवळून काढते, त्यामुळे आवाज बसतो.

बंदी घातलीत तर ती बाथरूममध्ये गाईल. त्यापेक्षा ट्रॅक बंद करून गायला सांगा. मागे वाद्यवृंद नसला, की मुलं आपोआप सोयीच्या पट्टीत येतात आणि आवाजही कमी करतात. दिवसातून दोन-तीनदा, पाणी पिऊन, उभं राहून. खिडकीतून हाका मारणं, शाळेच्या बसमधला आरडाओरडा हेही मोजा, कारण गळ्याला गाणं आणि ओरडणं वेगळं कळत नाही. आवाज तीन आठवडे बसलेलाच राहिला तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. सतत ताणामुळे स्वरतंतूंवर गाठी येतात, आणि लहान मुलांत आवाज घोगरा राहण्याचं ते नेहमीचं कारण आहे. बहुतेकदा त्या आवाजाला विश्रांती आणि वळण दिल्याने जातात.

प्रश्न : सिनेमातलं गाणं शाळेत गायला परवानगी लागते का? व्हिडिओ टाकला तर? (मुख्याध्यापिका, रत्नागिरी जिल्हा)

उत्तर : शाळेच्या उपक्रमात मुलांनी आणि शिक्षकांनी गायलं आणि ऐकायला शाळेतली माणसं व पालकच असतील, तर कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ प्रमाणे तो भंग होत नाही. तिकीट लावून गावाला बोलावलं तर ही सवलत गृहीत धरू नका. व्हिडिओ इंटरनेटवर टाकणं तर यात बसतच नाही. मागे मूळ ट्रॅक वाजत असेल तर यूट्यूबची यंत्रणा तो ओळखते, मग आवाज बंद होतो, व्हिडिओ अडवला जातो किंवा त्यावरच्या जाहिरातीचे पैसे हक्कधारकाकडे जातात. पालकांना गटात पाठवायचा असेल तर त्याआधी, मुलांचे चेहरे दिसतात म्हणून, सगळ्यांची लेखी संमती घेऊन ठेवा. ती प्रवेशाच्या वेळीच घेतली तर डिसेंबरात धावपळ होत नाही.