ओमेगा-३, ६ आणि ९: तुम्ही विचारलेलं

मी शाकाहारी आहे, रोज चमचाभर जवस खाते. मग माशांमधून मिळतं ते सगळं मिळतं ना?

आधी सांगा, जवस आख्खं खाताय की पूड करून? कारण आख्ख्या दाण्याचं साल चिवट असतं आणि न चावलेले दाणे पोटातून जसेच्या तसे बाहेर पडतात, म्हणून पूडच करा, आणि तीही थोडी थोडी, घट्ट झाकण लावून फ्रीजमध्ये ठेवा कारण दळलेलं जवस लवकर खवट होतं. चमचाभर पुडीत (साधारण ७ ग्रॅम) दीड ग्रॅमच्या आसपास एएलए (वनस्पतींतून मिळणारं ओमेगा-३ फॅट) असतं. बायकांना दिवसाला १.१ ग्रॅम आणि पुरुषांना १.६ ग्रॅम पुरेसं धरतात, म्हणजे तेवढं तुमचं भागलं. अक्रोड, चिया, सोयाबीन तेल, मोहरीचं तेल यांतही हेच एएलए.

पण मेख पुढे आहे. माशांत असतं ते ईपीए आणि डीएचए, म्हणजे ओमेगा-३ चेच दुसरे दोन प्रकार, एएलए नव्हे. एएलएपासून ही दोन्ही शरीर स्वतः बनवतं खरं, पण फार हात आखडून, ईपीए थोडंफार होतं आणि डीएचए तर अगदी नावापुरतं. त्यामुळे "जवस म्हणजे शाकाहारी मासे" असं जे फॉरवर्ड फिरत असतं ते निम्मंच खरं. तुम्हाला डीएचए हवंच असेल तर शैवालाच्या तेलाच्या कॅप्सूल मिळतात, त्या चालतील. मासे तरी कुठे स्वतः फार बनवतात, त्यांच्याकडेही ते मुळात शैवालातूनच येतं!

मी १००० एमजीची फिश ऑइल कॅप्सूल घेतो. मग आणखी काही खायची गरज नाही ना?

डबी उलटी करा आणि मागचा बारीक टाइप वाचा. १००० हे तेलाचं वजन झालं, ओमेगा-३ चं नाही. साध्या कॅप्सूलमध्ये बहुतेक वेळा १८० एमजी ईपीए आणि १२० एमजी डीएचए, म्हणजे मिळून ३००. आणि वर "सर्व्हिंग" एक कॅप्सूलचं आहे की दोनचं तेही बघा, तिथे बरेच जण फसतात. आठवड्यातून दोनदा बांगडा, तारली किंवा सालमन खात असाल तर मी तरी कॅप्सूलवर पैसे घालवणार नाही (मासे तळून नको, भाजून किंवा रश्श्यात). आणि कॉड लिव्हर ऑइल हे वेगळं प्रकरण, त्यात व्हिटॅमिन ए भरपूर असतं, गरोदर बायकांनी ते टाळावं.

वडिलांना हार्ट अटॅक येऊन गेलाय. फिश ऑइल सुरू करू का?

स्वतःच्या मनाने नको. २०१८ मध्ये व्हायटल नावाच्या मोठ्या ट्रायलचे निकाल आले, २५ हजारांवर लोक होते, त्यांना आधी हार्टचा त्रास नव्हता, रोज १ ग्रॅमची कॅप्सूल, आणि हार्ट अटॅक, स्ट्रोक वगैरे सगळं मिळून धरलं तर म्हणावा असा फरक नाही. त्याच वर्षी रिड्यूस-इटमध्ये ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी) वाढलेल्या, स्टॅटिनवर (कोलेस्टेरॉल कमी करायच्या गोळ्यांवर) असलेल्या लोकांना शुद्ध ईपीएचं औषध दिवसाला ४ ग्रॅम दिलं तर हार्टच्या घटना २५ टक्क्यांनी कमी झाल्या, पण २०२० मध्ये ईपीए-डीएचए मिश्रणाच्या स्ट्रेंग्थ ट्रायलमध्ये काहीच फायदा दिसला नाही, त्यामुळे तज्ज्ञांचं अजून एकमत नाही. शिवाय जास्त डोसने एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाचे ठोके अनियमित पडण्याचा धोका वाढतो. वडील रक्त पातळ करायच्या गोळ्या घेत असतील तर तेही कार्डिऑलॉजिस्टना आधी सांगा.

ओमेगा-६ ने शरीरात सूज वाढते असं ऐकलं, म्हणून सूर्यफूल तेल बंद करून बटर सुरू केलंय. बरोबर ना?

अहो, उलटं केलंत! सूर्यफूल तेलातलं लिनोलिक अॅसिड हे ओमेगा-६ आहे, शरीर ते बनवू शकत नाही, बाहेरूनच घ्यावं लागतं. बटरच्या जागी असं तेल घेतलं की एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) कमी होतं, आणि माणसांवरच्या ट्रायल्समध्ये ते खाल्ल्याने रक्तातले सूज दाखवणारे मार्कर वाढलेले काही दिसले नाहीत. फरसाण, बिस्किटं, तळण कमी करा ते वेगळ्या कारणांसाठी. ओमेगा-६ आणि ओमेगा-३ च्या रेशोचं गणित डोक्यातून काढा आणि ओमेगा-३ वाढवा, म्हणजे झालं.

आणि ओमेगा-९ ची गोळी?

ते शरीर स्वतःच बनवतं, शिवाय ऑलिव्ह तेल, शेंगदाणे, बदाम यांत ढिगाने आहे. ३-६-९ लिहिलेल्या महागड्या डबीतल्या ९ साठी तुम्ही उगाच पैसे मोजताय.