गोव्यात जुनी शिडाची होडी घ्यायची आहे, पण मी पुण्यात राहतो. घेऊ का? आणि पावसाळ्यात ठेवू कुठे?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: बावीस फुटी, फायबरची, बारा-तेरा वर्षं जुनी शिडाची होडी, मागे ८ हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड (मागच्या फळीला बाहेरून लटकणारं इंजिन). तुम्ही वर्षाला पाच-सहा वेळा पुण्याहून येणार. मालक म्हणतो, 'मेंटेनन्स तसा काहीच नाही.'

मालकाचं हे शेवटचं वाक्य तेवढं विसरा. माझी एकवीस फुटी होडी गेली अकरा वर्षं मांडवीत रायबंदरच्या बाजूला असते, आणि मी स्वतः तिथून दहा मिनिटांवर राहतो. तरीही ती एकदा बुडाली. वादळात नाही, समुद्रात नाही, बांधलेल्या जागी बुडाली. आधी तेच सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यात आहे.

मे महिन्याचा शेवटचा आठवडा होता. 'या रविवारी वर काढू' असं म्हणत मी दोन रविवार घालवले होते. मग कामासाठी चार दिवस बेळगावला गेलो आणि इकडे लागोपाठ दोन रात्री वळवाचा पाऊस कोसळला. होडी काठाजवळ उंडीच्या झाडाखाली होती. उंडीचं पान जाड, चामड्यासारखं असतं. तसलं एक पान मागच्या बसायच्या जागेतलं पाणी बाहेर जायच्या भोकावर बरोब्बर बसलं. पाणी साचलं, उंबरा ओलांडून केबिनमध्ये गेलं. तिथला आपोआप चालू होणारा पंप बॅटरी संपेपर्यंत चालला आणि मग गप्प झाला. मी परत आलो तर नदीत नुसती डोलकाठी उभी! काठावर जाळं शिवत बसलेले पागीबाब मान वर न करता म्हणाले, "बोट बुडूंक ना रे बाबा, न्हांवक गेल्या." (बुडाली नाही, आंघोळीला गेलीय.)

हिशेब करून बघा. तुमच्या होडीचा वरून उघडा भाग दहा चौरस मीटर धरला, तर १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे एक हजार लिटर, सरळ एक टन. गोव्याच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात साधारण तीन हजार मिलिमीटर पडतो. म्हणजे तीस टन पाणी तुमच्या होडीवर पडणार आणि ते सगळं एका दोन इंची भोकातून जाणार, किंवा जाणार नाही. नवीन माणूस होडीच्या तळाला चीर आहे का ते बघत बसतो, आणि होडी वरून भरते.

म्हणून होडी बघायच्या आधी ती राखणारा माणूस बघा. काठावरच राहणारा, स्वतःची होडी असणारा, दर दोन दिवसांनी सहज नजर टाकणारा. त्याला महिन्याचे ठरवून पैसे द्या, 'येईन तेव्हा देईन' असं नको. येताना पुण्याहून बाकरवडी आणलीत तर उत्तम, पण बाकरवडीवर भागवू नका. मी पागीबाबांना पहिली पाच वर्षं काहीच देत नव्हतो, नुसता हात दाखवून पुढे जायचो. ती होडी बुडताना त्यांनी पाहिलीही असेल, पण त्यांनी का म्हणून भिजत जायचं? आता त्यांच्याकडे किल्ली असते, आणि पान-कचरा काढल्याचा फोटो त्यांचा नातू मला पाठवतो.

जागेचं म्हणाल तर परदेशातल्यासारखी बोटींची मरीना इथे तुम्हाला मिळणार नाही. झुआरीवर नावशीला मरीना करायच्या प्रस्तावाला मच्छीमारांनी आणि गावकऱ्यांनी वर्षानुवर्षं विरोध केला, आणि त्यांच्या बाजूने पाहिलं तर तो समजण्यासारखा आहे. त्यामुळे तुमच्यापुढे दोनच वाटा. एक, नदीच्या तळाशी सिमेंटचा ठोकळा टाकून त्याला साखळीने होडी बांधणं. दुसरी, ट्रॉलीवर जमिनीवर ठेवणं आणि येताच पाण्यात सोडणं. वर्षाला सहा फेऱ्या असतील तर मी दुसरीच सांगेन. बावीस फुटी होडी ट्रॉलीवर बसते, तळाला शेवाळ आणि बार्नेकल (घट्ट चिकटणारे शिंपल्यासारखे जीव) धरत नाहीत, आणि रात्री पाऊस आला तरी पुण्यात तुमची झोप उडत नाही.

तरी नदीतच ठेवायची असेल तर आधी पणजीच्या कॅप्टन ऑफ पोर्ट्सच्या (राज्याच्या बंदर खात्याच्या) कचेरीत जागेचं विचारा. कोणीतरी 'इथे सगळेच बांधतात' म्हणालं एवढ्यावर जाऊ नका. आणि सिमेंटच्या ठोकळ्याबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा: ३०० किलोचा ठोकळा पाण्यात १७५ किलोच्या आसपासच भरतो. तो चिखलात रुतलेला हवा, आणि साखळीची तळाकडची झिजणारी कडी दर वर्षी बदलायला हवी. वरून साखळी ठणठणीत दिसते, तुटते ती चिखलाला घासणाऱ्या टोकाला. खाजन बांधाच्या (नदीकाठच्या खाऱ्या शेतांच्या बांधाच्या) मानशीसमोर, म्हणजे पाण्याच्या दारासमोर, मात्र कधीच बांधू नका. ओहोटीला मानस उघडली की तिथून पाण्याचा असा लोंढा येतो की होडी फिरून बांधावर आपटते.

पावसाळ्यात होडी पाण्यात ठेवायची नाही, हे पक्कं. मच्छीमारी बंदी १ जून ते ३१ जुलै असते, पण तुम्ही जूनची वाट बघू नका. १० मेपर्यंत वर काढा. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ १५-१६ तारखेला गोव्याजवळून गेलं तेव्हा कित्येकांच्या होड्या अजून पाण्यात होत्या. झाडं पडली, वीज गेली, आणि होडीपर्यंत पोचणंच मुश्कील झालं. जूनमध्ये नांगरावर किती विसंबायचं ते कांदोळी-शिकेरीच्या लोकांना विचारा. 'रिव्हर प्रिन्सेस' नावाचं खनिजवाहू जहाज जून २००० मध्ये नांगर घसरून तिथल्या किनाऱ्याला लागलं, ते २०१२ पर्यंत तिथेच गंजत पडून होतं. तुमच्या नांगराचं वजन किती म्हणालात?

वर काढल्यावर होडी किंचित मागे कलती ठेवा, तळाचा बूच काढून तो सुकाणूच्या दांड्याला दोरीने बांधा (नाहीतर ऑक्टोबरात बूच न लावताच पाण्यात सोडाल, हसू नका, होतं). वरून निळी ताडपत्री घट्ट आवळू नका, आत बुरशी धरते. आमच्याकडे मच्छीमार मल्लांचं, म्हणजे माडाच्या विणलेल्या झावळ्यांचं, छप्पर करतात, हवा खेळती राहते आणि वाऱ्याला फडफडत नाही. मी ताडपत्रीवर तीन वर्षं पैसे घालवून शेवटी मल्लांवर आलो.

आता प्रत्यक्ष ही होडी. मला सर्वांत जास्त शंका येईल ती मागच्या फळीची, जिला इंजिन लटकतं. फायबरच्या आत बहुतेकदा प्लायवूड असतं, आणि इंजिनाच्या बोल्टच्या भोकांतून वर्षानुवर्षं पाणी मुरलं की ते आतून कुजतं, बाहेरून चकाचक रंग. इंजिन वर उचललेल्या स्थितीत ठेवा आणि त्याच्या खालच्या टोकावर अंगाचा भार देऊन हळूहळू दाबा. फळी वाकताना दिसली किंवा बोल्टपाशी ओलसर तपकिरी पाणी आलं, तर किंमत निम्मी करा नाहीतर परत फिरा. मग स्क्रू-ड्रायव्हरच्या लाकडी मुठीने सगळ्या डेकवर टकटक करत जा. टणटणीत आवाज हवा. भोपळ्यासारखा बद्द आवाज आला तिथे थर सुटलेत. डोलकाठीच्या तारा दहा वर्षांच्या झाल्या असतील तर त्या बदलायच्याच असं धरून चाला. स्टेनलेस म्हणून गंजत नाहीत असं नाही, खाऱ्या दमट हवेत गाठीच्या आत चिरा पडतात आणि बाहेर दिसत नाहीत. शिडाची शिवण नखाने ओढून बघा. कापड चांगलं आणि दोरा उन्हाने जळालेला, हा इथला नेहमीचा प्रकार.

इंजिनाच्या गिअरचं तेल थोडं काढून बघा. चहासारखं दुधाळ असेल तर आत पाणी गेलंय. चालू केल्यावर मागून पाण्याची बारीक धार पडायला हवी. ती पडत नसेल तर थंड करणारं पाणी फिरत नाहीये.

तुमच्यासाठी खरी डोकेदुखी मात्र पेट्रोल ठरणार. आता पंपावर मिळतं त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतली ओल शोषतं, आणि पुरेशी ओल झाली की पाणी आणि इथेनॉल मिळून टाकीच्या तळाशी वेगळं बसतं. रोज वापरणाऱ्या मच्छीमाराला हे जाणवत नाही. तुम्ही दोन महिन्यांनी याल, दोरी ओढाल, आणि इंजिन आधी तो तळचा घोट पिईल. त्यामुळे जाताना पेट्रोलची नळी काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालवा म्हणजे कार्बोरेटर कोरडा होईल, आणि उरलेलं पेट्रोल कोणाच्या तरी स्कूटरमध्ये घाला. पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवा. आणि प्रत्येक फेरीनंतर गोड्या पाण्याने इंजिन धुवा, दहा मिनिटं तरी. गंज धरू नये म्हणून जो धातूचा तुकडा लावतात त्याला इथे सरसकट 'झिंक' म्हणतात. पण नदीचं पाणी निमखारं असतं, तिथे जस्तावर थर धरून ते काम थांबवतं. अ‍ॅल्युमिनियमचा घ्या.

शीड चालवायला इथला हिवाळा-उन्हाळा सुरेख आहे. सकाळी जमिनीवरून मंद वारा, दुपारी बारा-एकनंतर वायव्येकडून खारा वारा. मांडवीच्या तोंडाला आग्वादचा वाळूचा पट्टा आहे. पावसाळ्यात तो इतका धोक्याचा होतो की खनिजाच्या बार्जीसुद्धा बाहेरून न जाता कुंभारजुव्याच्या कालव्याने झुआरीत उतरून मुरगावला जात. एरवीही दुपारचा वारा आत येत असताना ओहोटीचं पाणी बाहेर जात असेल, तर तिथे आखूड उभ्या लाटा उठतात आणि बावीस फुटी होडी डोकं आपटत राहते. म्हणून सकाळी ओहोटीबरोबर बाहेर पडावं आणि दुपारी भरतीबरोबर, वारा पाठीवर घेऊन आत यावं.

असा दिवस कॅलेंडरवर शोधायला अ‍ॅप लागत नाही. कोकणातला जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास येतो. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. हा हिशेब मुंबईकडचा, मुरगावला भरती थोडी अगोदर येते. म्हणजे अष्टमीला पहाटे पाचच्या सुमाराला भरती पूर्ण, अकरापर्यंत ओहोटी, मग पुन्हा भरती. शिवाय अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी असतं, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक लहान, ओढ कमी. नवशिक्याने पुण्याहून येताना शनिवार-रविवार बघण्याऐवजी सप्तमी ते दशमी बघावी. नेमकी तासा-मिनिटाची वेळ मात्र मुरगावच्या भरतीच्या तक्त्यावरूनच घ्या. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला फरक दोन मीटरच्या वर जातो. नांगर टाकताना तो धरा: ओहोटीला चार मीटर खोली, वर दोन मीटर भरती, एक मीटर होडीची उंची, मिळून सात, आणि त्याच्या पाचपट दोरी-साखळी. सकाळी चार मीटरवर मोजून टाकलेला नांगर दुपारी चालायला लागतो.

कुंभारजुव्याच्या कालव्यातून जायचा मोह होईलच, आणि जा. दोन्ही काठांना खारफुटी, मध्ये बाणस्तारीचा पूल. डोलकाठीची उंची आधी मोजा, मच्छीमारांच्या खुंटांपासून लांब राहा, आणि तळ घासायला म्हणून पाण्यात उतरू नका. तिथे मगरी आहेत, खऱ्या. आजूबाजूच्या गावांत पौष अमावास्येला मातीची मगर करून पुजतात ते उगाच नाही.

कागदांचं पटकन: इंजिन लावलं की होडी यांत्रिक नौका ठरते. अंतर्देशीय नौका कायदा २०२१ चा आहे, नोंदणी कॅप्टन ऑफ पोर्ट्सकडे. होडीवरचा आणि इंजिनावरचा नंबर कागदाशी जुळवा, नाव तुमच्यावर चढल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. पैसे घेऊन कुणाला फिरवणार असाल तर ती परवानगी वेगळी. सॅटेलाइट फोन किंवा उपग्रहावरून मेसेज पाठवणारं यंत्र परवान्याशिवाय जवळ बाळगू नका, परदेशातल्या मित्राने भेट दिलं तरी. फोनमध्ये १५५४ घालून ठेवा, तटरक्षक दलाचा. लाइफ जॅकेट अंगावर, सीटखाली नाही. इंजिनाची लाल दोरी (तुम्ही पडलात तर इंजिन बंद करणारी) मनगटाला. पोहणं, बचाव, बोट हाताळणं शिकायचं असेल तर राष्ट्रीय जलक्रीडा संस्था गोव्यातच आहे. होडी घ्यायच्या आधी तिथला एखादा कोर्स करून टाका.

बघायला याल तेव्हा मालकाला आदल्या दिवशी फोन करून सांगा की होडी पाण्याबाहेर काढलेली हवी, आणि इंजिन थंड हवं, मी यायच्या आधी चालू करून ठेवू नका. पोचल्यावर पहिल्यांदा इंजिनाला हात लावा. गरम लागलं किंवा होडी पाण्यातच दिसली, तर चिडू नका. रायबंदरहून दिवाडी बेटाची फेरीबोट धरा. 'म्हादेई' आणि 'तारिणी' या जगप्रदक्षिणा केलेल्या नौदलाच्या शिडाच्या बोटी त्याच बेटावर बांधल्या गेल्या. बेट बघा, चहा घ्या आणि दुसरी होडी शोधायला लागा. मे महिन्यात, वर काढायच्या खर्चाला कंटाळलेले मालक भरपूर असतात.