नट आजोबांचा नाट्यवारसा शोधतो, अशी खोटी डॉक्युमेंटरी बडोद्यात करायची आहे. विनोद कसा साधायचा?

नटाला गंभीरच राहू द्या. त्याला आपण विनोदी दिसतोय याची कल्पनाच नको.

आजूबाजूचा इतिहास मात्र शंभर टक्के खरा ठेवा. सयाजीरावांच्या काळात 1886 साली सुरू झालेली गायनशाळा, मराठी नाटकाला मिळालेला राजाश्रय, दांडिया बाजारातली जुनी मराठी घरं. खोटे फक्त आजोबा. खऱ्या कलावंतांच्या तोंडी खोटी स्तुती घालू नका, ते वाईट दिसतं.

समजा, नट सांगतो, "आजोबांशिवाय नाटक सुरूच होत नसे." पुढच्याच शॉटमध्ये आजी लसूण सोलता सोलता म्हणते, "खरंय. पडदा तेच ओढायचे ना!" इथे कॅमेरा लगेच हलवू नका, दोन-तीन सेकंद नटाच्या चेहऱ्यावर थांबा. तो सावरून म्हणेल, "म्हणजे पडद्यामागचे सूत्रधार!" हशा तिथेच येतो. गमतीदार पार्श्वसंगीत अजिबात नको.

आजीसाठी शक्यतो घरातलीच बाई घ्या. बडोद्याच्या मराठीतला तो गुजराती हेल शिकवून येत नाही. आणि पडदा ओढणाऱ्याची टिंगल करू नका. हसायचं ते नातवाच्या बढाईला.