डोक्याला मार लागून एक बाजू कमजोर झाली, स्टेम सेलसाठी वावर गहाण टाकावं का?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. लहान भाऊ दीड वर्षाआधी बाईकवरून पडला, डोक्याचं ऑपरेशन झालं, जीव वाचला पण डावी बाजू अजून कमजोर आहे, पाय ओढत चालतो, हाताची मूठ आवळून राहते, आणि आता एका क्लिनिकने स्टेम सेलचं चार लाखाचं पॅकेज सांगितलं म्हणून बाबा दोन एकर वावर गहाण टाकायला निघाले. करावं का नाही, आणि हे नाही तर दुसरं काय, एवढंच तुम्ही विचारून राहिल्या न.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, यवतमाळ जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी बसतो. असे पेशंट रोजचेच, आणि हा प्रश्नही आता दर काही दिवसांनी येतो कारण मोबाईलवर त्या जाहिराती सगळ्यांकडेच पोचल्या. म्हणून उत्तर आधी देतो, कारणं मागून. वावर गहाण टाकू नका. बाबांना आजच सांगा, सावकाराकडे जायच्या आधी.

आता कारणं. स्टेम सेल म्हणजे ज्यांच्यातून शरीरातल्या दुसऱ्या पेशी बनू शकतात त्या मूळ पेशी. हे सगळं खोटंच असं मी म्हणत नाही, त्यात खरं संशोधन चालू आहे आणि ते नेमकं तुमच्या भावासारख्यांवरच झालेलं आहे. जपानमधल्या सॅनबायो नावाच्या कंपनीने निरोगी माणसांच्या बोन मॅरोतून, म्हणजे हाडाच्या आतल्या मगजातून, पेशी घेऊन, लॅबमध्ये त्यांच्यात बदल करून, ऑपरेशनने थेट मेंदूत, जखमेच्या आजूबाजूला सोडल्या. ट्रायल छोटीच होती, ६१ पेशंट, सगळे मार लागून वर्ष उलटून गेलेले. ४६ जणांना पेशी दिल्या आणि १५ जणांच्या कवटीला नुसतं छिद्र पाडून बुजवलं, म्हणजे कोणाला काय मिळालं ते पेशंटला कळू नये म्हणून. सहा महिन्यांनी हातापायाची ताकद आणि हालचाल मोजायच्या शंभर मार्कांच्या तपासणीत पेशीवाल्यांचे सरासरी ८.३ मार्क वाढले, दुसऱ्यांचे २.३. हे २०२१ मध्ये छापून आलं आणि जुलै २०२४ मध्ये जपान सरकारने त्याला मंजुरी दिली, पण तीही अटींवर आणि ठराविक मुदतीपुरती. शंभरात आठ मार्क म्हणजे काय तर न उघडणारी बोटं थोडी उघडतील, खांदा थोडा जास्त उचलला जाईल. ज्याला ते मिळालं त्याच्यासाठी ती छोटी गोष्ट नाही. पण "भाऊ पहिल्यासारखा होईल" असं जे तुम्हाला फोनवर सांगितलं ते यातून निघत नाही, बिलकूल नाही. आणि ह्याच पेशी लकव्याच्या, म्हणजे स्ट्रोकच्या १६३ पेशंटवर करून पाहिल्या तेव्हा २०१९ मध्ये तो प्रयोग फसला, ज्या गोष्टीवर मोजायचं ठरलं होतं त्यात फरकच आला नाही.

तुमच्या क्लिनिकवाल्याने जे सांगितलं ते हे नाहीच, हे नीट समजून घ्या. ते कंबरेच्या हाडातून भावाचाच बोन मॅरो काढणार, मशीनमध्ये फिरवणार आणि पाठीच्या मणक्यातून सुई देऊन सोडणार, असं तुम्ही लिहिलं. जपानवाली गोष्ट वेगळी, ही वेगळी, नाव तेवढं एक. स्वतःच्याच बोन मॅरोच्या पेशी शिरेतून देऊन आपल्या देशात स्ट्रोकच्या १२० पेशंटवर पाच मोठ्या हॉस्पिटलांनी मिळून ट्रायल केली, दिल्लीचं एम्स त्यात होतं, २०१४ मध्ये निकाल आला. धोका फारसा दिसला नाही पण फायदाही दिसला नाही. म्हणजे आपल्याच माणसांवर, आपल्याच डॉक्टरांनी, इमानदारीने तपासून पाहिलं आणि इमानदारीने सांगितलं की काही फरक नाही.

धोका फारसा नाही म्हटलं पण कुठेही जाऊन टोचून घेतल्यावर तसंच राहील असं नाही. अमेरिकेतल्या एका स्ट्रोकच्या पेशंटने वेगवेगळ्या देशांत जाऊन, पैसे मोजून मणक्यातून अशा पेशी घेतल्या आणि त्याच्या मणक्यात गाठ वाढली, कमजोरी कमी व्हायची तर जास्तच झाली. तपासणीत त्या गाठीतल्या पेशी त्याच्या स्वतःच्या निघाल्याच नाहीत, दुसऱ्या कोणाच्या तरी होत्या. २०१६ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये ती केस आली होती. तुमच्या भावाच्या पेशी त्याच्याच असणार हे खरं, तरी बाटलीत नेमकं काय होतं, किती होतं, स्वच्छ होतं का, हे तुम्हाला बाहेर बाकड्यावर बसून कसं कळणार?

आणि सगळ्यात मोठी गोष्ट. आयसीएमआर, म्हणजे वैद्यकीय संशोधनाची केंद्र सरकारची संस्था, तिच्या २०१७ च्या नियमावलीप्रमाणे रक्ताच्या आजारांसाठी जो बोन मॅरो ट्रान्सप्लांट होतो तसलं सोडलं तर स्टेम सेल फक्त मंजूर ट्रायलमध्येच देता येतात. मेंदूच्या मारावर उपचार म्हणून पॅकेज लावून विकता येत नाहीत, जाहिरात करता येत नाही आणि ट्रायल असेल तर पेशंटकडून त्या पेशींचे पैसे घेता येत नाहीत. म्हणून त्या माणसाचा फोन पुन्हा आला की एवढंच विचारा, "साहेब, ही ट्रायल आहे का? असेल तर सीटीआरआय नंबर द्या." सीटीआरआय म्हणजे क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री, सरकारी वेबसाईट आहे, नंबर टाकला की कोणतं हॉस्पिटल, कोणता आजार, मंजुरी कोणाची, सगळं दिसते. नंबर दिला तर पुढे विचारा की ट्रायल आहे तर चार लाख कशाचे. बहुतेक तिथेच बोलणं संपते. आधीच्या पेशंटचे व्हिडिओ दाखवतील, त्यावर जाऊ नका, त्या चार लाखात महिनाभर दिवसातून तीन तास फिजिओथेरपीही असते आणि माणूस चालायला लागला तर नाव पेशींचं होते.

आता गोळ्यांचं. प्रिस्क्रिप्शनमध्ये सिटीकोलीन दिसली, मेंदू सुधारावा म्हणून देतात ती गोळी, ती इकडे जवळजवळ प्रत्येकाला लिहून देतात. २०१२ मध्ये डोक्याला मार लागलेल्या १२१३ पेशंटवर अमेरिकेत ती नीट तपासली होती, ९० दिवसांनी औषध नसलेल्या नकली गोळीपेक्षा काही जास्त फायदा दिसला नाही. डॉक्टरांना विचारा की अजून चालू ठेवायची गरज आहे का, तेवढेच महिन्याचे पैसे वाचतील. पण फिटची गोळी वेगळी, ती स्वतःच्या मनाने एक दिवसही बंद करायची नाही, डोक्याच्या मारानंतर फिट उशिराही येऊ शकते.

मग करायचं काय. मेंदूचा जो भाग मेला तो परत उगवत नाही, पण त्याच्या बाजूचा भाग त्याचं काम शिकू शकतो. डांबरी रस्ता खचला की लोक पांदणीने जायला लागतात आणि जाऊन जाऊनच ती गाडी निघण्याएवढी होते, तसंच. पण जाणं झालं पाहिजे. इथेच आपल्याकडे गाडी अडते. पेशंट उजव्या हाताने सगळं करून घेते, घरचे जेवण भरवतात, आई शर्टाच्या गुंड्या लावून देते, डावा हात दिवसभर मांडीवर पडून राहते. आणि फिजिओ म्हणजे काय तर संध्याकाळी कोणीतरी येऊन तो हात वरखाली हलवून देते. दुसऱ्याने हलवलेल्या हाताने सांधा आखडत नाही हे खरं, पण मेंदू त्यातून फार शिकत नाही. पेशंटने स्वतः, कामासाठी, शेकडो वेळा हलवला पाहिजे.

ह्याची पद्धतच आहे, चांगला हात बांधून ठेवायची. अमेरिकेत एडवर्ड टॉब यांनी ती बसवली, चांगल्या हातात जाड हातमोजा घालायचा, दोन आठवडे जागेपणीचा बहुतेक वेळ, आणि रोज काही तास कमजोर हाताकडूनच कामं करून घ्यायची. २००६ मध्ये २२२ स्ट्रोक पेशंटची मोठी ट्रायल आली, त्यात फायदा दिसला आणि तो वर्षभर टिकला. पहिले प्रयोग तर दुखण्याला वर्षं उलटून गेलेल्यांवरच झाले होते, म्हणून "दीड वर्ष झालं, आता काही होत नाही" असं कोणी म्हणालं तर मनावर घेऊ नका. पहिल्या सहा महिन्यात सुधारणा पटपट होते, मग हळू होते, पण बंद होत नाही. अट एकच, मनगट आणि बोटं थोडी तरी स्वतःहून उघडता आली पाहिजेत, आणि तोल जात असेल तर चालताना हात बांधायचा नाही.

माझ्याकडे एक ट्रॅक्टर चालवणारा यायचा, झाडाला धडकून डोक्याला लागलं होतं. पहिल्या दिवशी म्हणाला, "माह्या हाताले जीवच नाही जी." त्याला मशीनबिशीन काही दिलं नाही. घरी टोपलंभर तुरीच्या शेंगा पडल्या होत्या, चांगल्या हातात मोजा घालून कमजोर हाताने एक एक शेंग उचलायची, दुसऱ्या टोपल्यात टाकायची. सुरुवातीला शेंग अंगठा आणि तर्जनीत यायचीच नाही, सगळ्या बोटांनी ओरबाडल्यासारखी उचलायचा, खांदा कानापर्यंत वर जायचा आणि घामाघूम व्हायचा. मग शेंगा उचलायला लागला, मग सोलायला, मग दाणा चिमटीत. ट्रॅक्टर अजून नाही चालवत, पण शर्टाच्या गुंड्या त्याच्या तो लावते आणि ग्लास धरून पाणी पिते.

तुमच्या भावाची मूठ आवळलेली आहे म्हणून आधी ती पाहावी लागेल. अंगठा आत दाबून धरलेला असते का, नखं काढताना मूठ उघडताना त्रास होते का, तळहाताला वास येते का? असं असेल तर तो स्नायूंचा ताठरपणा आहे, त्याला स्पॅस्टिसिटी म्हणतात, आणि नुसत्या व्यायामाने हरणार नाही. त्याला बॅक्लोफेनसारख्या गोळ्या आहेत, आणि ठराविक स्नायूत बोट्युलिनम टॉक्सिनचं इंजेक्शन देतात, लोक बोटॉक्स म्हणतात तेच. आठ-पंधरा दिवसात हात मऊ पडते, साधारण तीन महिने असर राहते. महाग आहे, पण चार लाखाच्या जवळपासही नाही आणि ह्याच्यामागे पक्का पुरावा आहे. फक्त त्या तीन महिन्यात स्नायू ताणायचा व्यायाम, स्प्लिंट म्हणजे सांधा सरळ धरून ठेवणारा आधार, आणि सराव जोरात झाला पाहिजे, नुसतं इंजेक्शन घेऊन घरी बसलं तर पैसे पाण्यात.

पायाचं लिहिलं की चप्पल निसटून जाते आणि तो अंगठा घासत चालते. पाऊल वर उचललं जात नाही, त्याला एएफओ नावाचा प्लास्टिकचा स्प्लिंट मिळते, पोटरीपासून तळपायापर्यंत, बुटात बसते. मापाने बनवून घ्या, मेडिकलमधून तयार उचलू नका. स्लीपर बंद करा, मागून पट्टा असलेली सॅंडल द्या, पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीत तर चांगला माणूस घसरते.

काही गोष्टी आजच बंद करा. घराच्या आढ्याला दोरी-कप्पी बांधून हात ओढत असाल तर काढून टाका, कमजोर खांद्याचा सांधा त्याने दुखावते आणि मग पेशंट हाताला हातही लावू देत नाही. उठवताना डाव्या हाताला धरून ओढायचं नाही. बिब्बा लावायचा नाही, गरम विटेने शेकायचं नाही, त्या बाजूला चटका नीट कळेलच असं नाही आणि फोड येऊन बसतात. कबुतराचं रक्त चोळायला कोणी सांगितलं तर हात जोडून नाही म्हणा. मोठी माणसं काळजीपोटीच सांगतात, त्यांच्याशी भांडण नको, पण करायचं नाही.

कुठे जायचं तर नागपूरचं सरकारी मेडिकल कॉलेज किंवा एम्स, वर्धेकडून जवळ असाल तर सेवाग्राम किंवा सावंगीचं मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल. सगळी फाईल आणि जुना सीटी घेऊन जा आणि स्पष्ट विचारा की ताठरपणासाठी बोट्युलिनमचा उपयोग आहे का, हाताला आणि पायाला कोणता स्प्लिंट, आणि घरी करायचा व्यायाम लिहून द्या. भरती व्हायची गरज पडली तर फुले जनआरोग्य योजनेत काय बसते ते तिथल्या आरोग्यमित्राला विचारा, रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा. जिल्हा रुग्णालयातून दिव्यांग प्रमाणपत्र, यूडीआयडी कार्ड काढून घ्या, ४० टक्के किंवा जास्त भरलं तर एसटीची सवलत मिळते आणि दर वेळी नागपूरला जायचा खर्च कमी होते.

आणि भाऊ चिडचिड करते, झोपत नाही, बोलत नाही असं तुम्ही शेवटी एका ओळीत लिहिलं, ते एका ओळीचं नाही ताई. डोक्याच्या मारानंतर हे खूप जणांना होते, तो आळशी झाला म्हणून नाही, आणि त्यावर उपचार आहेत. ज्याचं मन खचलं तो शेंगा उचलणार नाही. त्याच ट्रिपमध्ये मानसोपचाराच्या ओपीडीतही दाखवा.

तोपर्यंत एक करा. त्याला टेबलावर डावा हात ठेवून, उजव्याची मदत न घेता मूठ उघडायला सांगा, आणि कोणती बोटं किती सरळ होतात, मनगट वर येते का, ते इथे लिहा. फोन नंबर आणि रिपोर्ट इथे टाकू नका. त्यावरून घरी कुठून सुरुवात करायची ते सांगतो.