फायबरच्या शिडाच्या होडीत पाणी येतंय, गळती कुठे आहे ते कसं शोधू?

तुमचा प्रश्न असा: 12 फुटी जुनी होडी घेतली, तासाभरात बादलीभर पाणी येतं, आतून पुट्टी भरली तरी थांबत नाही. मी कोल्हापुरातच असतो आणि अशाच होडीची डागडुजी घरीच करतो, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी ती पुट्टी बंद करा. पाणी जिथे दिसतं तिथूनच आत आलंय असं नसतं. तळ आणि त्यावरचा फायबरचा थर यांच्यातल्या पोकळीतून ते वाहत येतं आणि सखल जागी बाहेर पडतं. शिवाय फायबरचा तळ सहसा गळत नाही. गळतात ते सांधे आणि भोकं: मागचं ड्रेनचं बूच, सुकाणूच्या बिजागऱ्यांचे स्क्रू, सेंटरबोर्डच्या (होडीच्या मध्यातून पाण्यात सोडायच्या फळीच्या) खोक्याचा तळाशी असलेला सांधा. बुचाचा वॉशर सगळ्यात आधी बदला, काम तेवढ्यात भागलं तर उत्तमच.

नाही भागलं तर होडी उलटी करून सावलीत ठेवा. हवेच्या टाकीच्या (होडी तरंगती ठेवणाऱ्या बंद पोकळीच्या) भोकात प्लास्टिकची नळी घट्ट बसवा आणि तोंडाने फुंका. कॉम्प्रेसर अजिबात लावू नका, सांधे उसवतील. दुसऱ्या माणसाने ब्रशने साबणाचं पाणी लावत जायचं. स्क्रूच्या डोक्याभोवती अगदी बारीक, मोहरीएवढे बुडबुडे हळूहळू फुगताना दिसले की ती जागा पेन्सिलने गोल करून ठेवा. एक सापडली म्हणून थांबू नका, पूर्ण होडी फिरा.

आता उन्हाचं बघा, कारण हे फारसं कोणी सांगत नाही. एप्रिलच्या दुपारी काठावर तापलेल्या होडीतली हवा 45 अंशांवर गेली आणि होडी 25 अंशांच्या पाण्यात उतरवली, की आतली हवा आकसते. टाकी 100 लिटरची असेल तर साधारण 6 लिटरची जागा होते आणि सुईएवढ्या भोकातूनही पाणी आत ओढलं जातं. म्हणून टाकीचं बूच काठावर उघडं ठेवा, होडी सावलीत गार होऊ द्या आणि मगच उतरवताना बूच आठवणीने लावा. पाणी भरलेली टाकी हा गमतीचा विषय नाही. होडी कलंडली की तरंगवणारी तीच असते.

दुरुस्ती. सैल स्क्रू काढा, भोक थोडं मोठं करा, इपॉक्सीने (दोन भाग मिसळल्यावर घट्ट होणाऱ्या रेझिनने) भरा, वाळल्यावर पुन्हा ड्रिल मारा आणि पॉलियुरेथेन सीलंट लावून बसवा. सिलिकॉन नको. त्याचा अंश राहिला की पुढे त्यावर काहीच नीट चिकटत नाही.

सेंटरबोर्डच्या खोक्याचा सांधा चिरला असेल तर चीर नुसती बुजवून चालणार नाही. ग्राइंडरने उतार द्या, थराच्या जाडीच्या बारापट लांब, म्हणजे 4 मिलिमीटरला जवळजवळ 5 सेंटिमीटर. मास्क लावा, फायबरची धूळ फार वाईट. ॲसिटोनने पुसून विणलेलं काचकापड इपॉक्सीत भिजवून एकावर एक बसवा. दुकानदार बहुतेक पॉलिस्टर रेझिन पुढे करेल, पण जुन्या थरावर इपॉक्सीच जास्त घट्ट धरतं. साधी मॅटही (न विणलेलं, सुट्या काचतंतूंचं कापड) घेऊ नका, तिचे तंतू धरून ठेवणारा बाइंडर इपॉक्सीत विरघळत नाही. ग्राइंडिंग जमणार नसेल तर कोल्हापुरातल्या उद्यमनगरच्या कारखान्यांत तेवढं करून देणारा कोणीतरी नक्की भेटेल. कापड मात्र स्वतः बसवा.

हे काम पावसाळ्यात काढू नका. आपल्याकडच्या जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत पोकळी वाळत नाही, आणि इपॉक्सीवर चिकट तवंग येतो. तो पाण्याने धुऊन, घासून काढल्याशिवाय पुढचा थर धरत नाही. फेब्रुवारी-मार्च बरा. बुचं उघडी ठेवून होडी आठवडाभर तरी वाळू द्या, मगच ग्राइंडर हातात घ्या.

सगळं झालं की साबणाची चाचणी पुन्हा करा, आणि ती पार पडेपर्यंत काठाजवळच राहा, लाइफ जॅकेट घालूनच.